लिसिआतेच्या कमरेची चटई

साहेब, दवाखान्याचा तो फॉर्म तुम्ही केलात. कोणत्या टेबलाशी बसून केलात ते मला माहीत नाही, तुमचं नावही त्यावर नव्हतं. पण लिसिआतेला मरणाच्या दारात नेऊन बसवलं ते तुमच्या फॉर्मने. प्रश्न लिहिलेत, पण ते कोणी कोणाला विचारायचे याचा घटकाभरही विचार केला नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. जमिनीवर अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगा बेटांवर लुंगीवर चटई बांधल्याशिवाय माणूस चर्चमध्ये जात नाही, कचेरीत जात नाही. मला लिसिआतेच्या आत्याने विणलं. केतकीची पानं उकळली, दगडाखाली दाबून समुद्रात भिजवली, उन्हात पांढरी केली. तिची मुलगी आकानेसी तेव्हा आठ वर्षांची होती. पानांच्या पट्ट्या काढून काढून तिची बोटं सोलली होती. आत्याने मला भाच्याच्या कमरेला गुंडाळलं, वरून काथ्याची दोरी आवळली आणि म्हणाली, "आता बस चारचौघांत."

चाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर चारचौघांत बसले. चर्चमध्ये तो खर्जात गायचा तेव्हा त्याचं पोट माझ्याआड घुमायचं. पाद्री तरुणांना सांगायचे, चटई कशी बांधावी ते लिसिआतेकडून शिका. मी फुगून जायचे. आज ते आठवलं की मान खाली जाते.

साठी उलटली आणि त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. प्रार्थना अर्धी टाकून उठायचा. त्याचा बालमित्र होपोआते, तो बोट चालवतो, त्याला चिडवायचा, देवाशी बोलता बोलता कुठं रे निघतोस, त्याचं उत्तर तरी ऐकून जा. शेवटी मोठ्या बेटावर रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट नावाची गाठ पुरुषाला मूत्राशयाखाली असते, ती वाढली आहे. मागच्या बाजूने सुई घालून तिचे बारीक तुकडे काढायचे आणि कर्करोग आहे का ते बघायचं. याला बायोप्सी म्हणतात. परदेशी डॉक्टर तीन आठवड्यांनी यायचे होते. आधीची तयारी आणि नंतरची देखभाल गावच्या दवाखान्यात.

गावच्या दवाखान्यात एकच नर्स. आकानेसी.

साहेब, आमच्याकडे आतेबहीण म्हणजे बहीणच, आणि मानाने सख्ख्या बहिणीहून मोठी. बहिणीसमोर भावाने कमरेखालचा शब्द काढायचा नाही, तिनेही त्याच्यासमोर नाही. भाऊ-बहीण एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघत नाहीत. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. तुम्हाला नव्हतं?

लिसिआते मला चापून बांधून तिच्यासमोर गेला. ती खिडकीकडे तोंड करून फॉर्म वाचू लागली. तो जमिनीकडे बघत होता.

"दादा, रक्त पातळ करायची गोळी आठ दिवस आधी बंद करायची. कराल?"

"हो."

"जंतू होऊ नयेत म्हणून या पुडीतल्या गोळ्या आदल्या दिवसापासून. कळलं?"

"हो."

तिसरी ओळ, त्या दिवशी सकाळी आतडं खालून कसं साफ करायचं ती, आकानेसीने वाचलीच नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चौथी ओळ होती, नंतर ताप किंवा जास्त रक्तस्राव झाला तर ताबडतोब नर्सला सांगा. ती तिने इतक्या भरभर म्हटली की माशीलासुद्धा कळली नसती. प्रश्न संपले तरी तो हो म्हणतच होता. तिने चारही चौकटींत खुणा केल्या.

खरं सांगते, त्याने एक अक्षरही ऐकलं नव्हतं. बहीण बोलते आहे, हो म्हणावं आणि सुटावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पुडी आणि सूचनांचा कागद त्याने माझ्या घडीत खोचले. परदेशी डॉक्टर आले त्या दिवशी बायकोला, लुपेला, सांगितलं की चर्चच्या बैठकीला चाललोय. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी चार खुणा पाहिल्या आणि काम उरकलं. सुईचे बारा आवाज झाले. खुर्चीच्या पाठीवरून मी ते मोजले.

घरी परतल्यावर दुसऱ्या संध्याकाळी तो मित्रांबरोबर काव्हा, म्हणजे आमचं मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला बसला. मांडी घालून, तीन तास. भरपूर पाणी पी एवढं कोणीतरी सांगितलेलं त्याला आठवत होतं. होपोआते म्हणाला, मग काव्ह्यात काय दगड असतात? सगळे हसले. लिसिआतेही हसला, पण त्याच्या अंगाची कणकण मला जाणवत होती.

रविवारी तो तरीही चर्चमध्ये गेला. खर्जाचा सूर लागेना, दात वाजत होते. दुसऱ्या स्तोत्राला माझ्या मागच्या बाजूला काहीतरी ओलं, गरम लागलं. आधी घाम वाटला. घाम नव्हता, रक्त होतं. लोक उभे राहिले तेव्हा बाकावर डाग होता आणि माझ्यावर हाताच्या पंजाएवढा. सगळ्या गावाने मला त्या क्षणी पाहिलं. मी मानाची वस्तू. होपोआते त्याच्या मागे चिकटून उभा राहिला आणि तसाच पावलाला पाऊल लावत त्याला दाराबाहेर घेऊन गेला.

घरी लुपेने मला सोडलं. घडीतून पुडी पडली, न फोडलेली. कागद पडला. तिने तो वाचला. नवऱ्याला म्हणाली, "अहो, उठा, वन्संकडे जाऊ." तो तापाने फणफणलेला, तरी म्हणाला, "तिला नको सांगूस. मेलो तरी चालेल."

तिने मला उचललं आणि एकटीच गेली. आकानेसीच्या टेबलावर मला पसरलं.

"वन्सं, तुमच्या आईनं विणलेली आहे. बघा."

आकानेसीने डागावर हात ठेवला. मग विचारलं, ताप कधीपासून? लुपे म्हणाली, कालपासून.

"आणि ती गोळी? रक्त पातळ करायची?"

"रोज घेतात की. मीच देते सकाळी, पाण्याबरोबर."

आकानेसी खुर्चीत बसली. ती एवढंच म्हणाली, "मी खूण केली होती."

आमच्याकडे रविवार देवाचा, त्या दिवशी बोट निघत नाही. होपोआतेने काढली. मला लिसिआतेच्या पायांवर पांघरलं होतं. आमच्याकडे मयताला जाणारे माझ्यासारखीच जुनी, फाटकी चटई बांधतात. वाटेत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तो वाचला. रक्तात जंतू पसरले होते, एकोणीस दिवस सलाईनवर होता. लुपेने मला समुद्रात तीनदा धुतलं. डाग गेला नाही. आता मी घराच्या मागे दोरीवर असते, डाग भिंतीकडे करून.

मित्रांनो, मला मानासाठी बांधा. दुखणं झाकायला बांधू नका. मी झाकलं, आणि त्याची मला लाज वाटते. लिसिआतेलाही वाटते, आकानेसीलाही. लाज वाटत नाही ती फक्त तुम्हाला, साहेब.

कारण बायोप्सीचा निकाल मंगळवारी आला. बंद पाकीट, वर तुमचा शिक्का. नर्सने स्वतः, फक्त रुग्णाला सांगावे. नातेवाइकांना सांगू नये. आकानेसीने ते वाचलं आहे. ती दोनदा आमच्या फाटकापर्यंत आली. दोन्ही वेळा तो तिला पाहून मागच्या दाराने सुरणाच्या मळ्यात निघून गेला, आणि ती उभी राहून परत गेली. आज शनिवार आहे.

त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पण त्याला ते कोण सांगणार? नियम नको, शिक्का नको. एका माणसाचं नाव सांगा, साहेब. आज सांगा.