‘नाहीत’ खालच्या ओळीत

आमच्या घरात सासूबाईंपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नाही, आणि मी मात्र रोज दुपारी बारा वाजता त्यांच्या तोंडी शब्द घालते. तेही पगार घेऊन! त्या टीव्हीवर बातम्या वाचतात, मी प्रॉम्प्टर चालवते. कॅमेऱ्यापुढे एक तिरकी काच असते, तिच्यात मजकूर दिसतो, आणि त्या वाचतील तसतसा मी तो हाताखालच्या चकतीने वर सरकवते. नियम एकच, वाचणारा थांबला की चकती थांबली.

त्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर आलं आणि सकाळपासून माझं डोकं उठलं. मराठी फाँट टाकला तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. त्यांना जागेवर आणलं, तर काचेत सगळंच उलटं दिसायला लागलं, कारण आरशासाठी अक्षरं फिरवायचं बटण दाबायला मीच विसरले होते. अकरा वाजता सगळं सुतासारखं सरळ झालं आणि सासूबाई मेकअप करून आल्या.

“अक्षर जरा मोठं कर गं,” त्या हळूच म्हणाल्या.

“आई, नव्वद आहे. आधी साठ होतं.”

“मग एकशेवीस कर.”

त्यांना लांबचं दिसत नव्हतं. घरी टीव्ही बघताना चष्मा लागायचा, पण पडद्यावर चष्मा? नाव काढायचं नाही! त्यात गेल्या महिन्यात त्या दोनदा अडखळल्या होत्या, आणि संपादकसाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं की आणखी एकदा असं झालं तर बातम्या नव्या मुलीकडे जातील. बावीस वर्षांची खुर्ची होती ती. सासूबाईंचा मला कितीही राग येवो, ती गेलेली मला बघवली नसती. मी मुकाट्याने एकशेवीस केलं. आता ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते.

बाराला बातम्या सुरू झाल्या. जलवाहिनीच्या दुरुस्तीची बातमी आली. “दुरुस्तीचं काम चालू असलं, तरी उद्या शहरातल्या सर्व शाळा बंद राहणार” एवढ्यावर काच संपली. सासूबाईंना वाटलं, वाक्य संपलं. त्या थांबल्या आणि छान हसल्या. त्या थांबल्या म्हणून मीही थांबले, नियम म्हणजे नियम! ‘नाहीत’ बिचारा काचेखाली लटकत राहिला.

लक्षात आलं तशी मी घाईने चकती फिरवली. तो एकटा शब्द वर आला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बावीस वर्षांच्या भारदस्त आवाजात म्हणाल्या, “नाहीत.”

बातम्या संपायच्या आत फोन खणखणायला लागले. आया विचारत होत्या, काय ते एकदा नक्की सांगा. एका शाळेत तर मास्तरांनीच टाळ्या वाजवल्या म्हणे. साहेब तरातरा स्टुडिओत आले.

“चूक कुणाची?”

“सर, सॉफ्टवेअर नवीन आहे,” मी घाईघाईने म्हणाले, “माझ्याकडूनच अक्षर…”

“तू गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या. “साहेब, मी सांगितलं तेच तिने केलं. मला लांबचं दिसत नाही. दोन वर्षं झाली.” त्यांनी पर्समधून चष्मा काढून नाकावर चढवला. “एकच्या बातम्या अशा वाचते. नाही जमलं तर उद्यापासून मीच येणार नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. नवी मुलगी जेवायला गेली होती. “वाचा,” ते म्हणाले.

मी अक्षर साठवर आणलं. एक वाजला. “नमस्कार. बाराच्या बातम्यांत मी उद्याच्या शाळा बंद करून टाकल्या. शाळा सुरू आहेत. चष्मा लावायची लाज वाटली, त्याचा हा परिणाम. मुलांनो, माफ करा.” यातलं अक्षरही माझ्या मजकुरात नव्हतं! त्यानंतर मात्र पंधरा मिनिटं त्या कुठे म्हणून अडल्या नाहीत. शेवटी साहेबांचा आवाज आला, “उद्या बाराला याच वाचतील. चष्म्यासकट.” मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

दिवे विझले तरी सासूबाई उठेनात. कॅमेऱ्याशेजारी मी बसते तिकडेच टक लावून बघत होत्या.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“तू ओठ हलवतेस,” त्या म्हणाल्या. “माझ्याबरोबर शब्दन् शब्द वाचतेस. रोज?”

“रोज. तुम्ही अडखळू नये म्हणून.”

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाल्या, “आणि मला वाटायचं, अंधारात बसून मला शिव्या घालत असशील.”

“त्याही घालते,” मी म्हणाले, “पण बातम्या संपल्यावर.”

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.