सत्कारमूर्ती

"आता हिला खेळवणारे कमी आणि बसवून ठेवणारे जास्त भेटतील. नाही म्हणायला शिका, नीलाची आई."

नीलाच्या कोच विमलामिस हे म्हणाल्या तेव्हा सुलक्षणा कोर्टाच्या जाळीबाहेर आलेला बॉल उचलून आत टाकत होती. नीलाने चौदा वर्षांखालची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा जिंकून आठवडाही झाला नव्हता. पेपरात फोटो आला होता, आणि नाहूरच्या त्यांच्या चाळीत पेढे संपून बुंदी वाटायची वेळ आली होती. सुलक्षणा हसली.

"करू दे हो मिस चार दिवस कौतुक. लोक काय, विसरतात लगेच."

लोक विसरले नाहीत. शाळेने सत्कार केला, गणेशोत्सव मंडळाने केला. महिला मंडळाने हळदीकुंकवात मधेच पाच मिनिटं म्हणून बोलावलं आणि जेवायची वेळ करून सोडलं. सांताक्रूझच्या एका क्लबने नव्या कोर्टाच्या उद्घाटनाला नेलं, रिबिनीशेजारी उभं केलं, आणि कोर्टावर मात्र पाऊल टाकू दिलं नाही, कारण चुन्याच्या रेघा ताज्या होत्या.

आज रविवारी ती घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, स्टेजवर, दोन टोपीवाल्या म्हाताऱ्यांच्या मधे बसली होती. तिच्या वडिलांच्या, दत्तारामांच्या, गावच्या मंडळाचा मुंबईतला वार्षिक मेळावा. अंगात पांढरा टेनिसचा ड्रेस, मांडीवर रॅकेट, मुठीत बॉल. "चेडू ड्रेसात येवक होया, हातात सगळा सामान होया, म्हणजे फोटोत कळता," असा पोरीसाठी मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांचा निरोप होता.

उद्या सकाळी अंधेरीला तिची मॅच होती. जिंकली तर ज्युनिअर कॅम्पला निवड, हरली तर गोष्ट पुढच्या वर्षावर. त्या विजयानंतरच्या दोन्ही स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती, आणि दोन्ही वेळा बॅकहँडने दगा दिला होता. मुलुंडच्या कंपनी कॉलनीतल्या कोर्टावर विमलामिस उजेड असेपर्यंत थांबणार होत्या. अण्णांनी लवकर सोडायचा शब्द दिला होता, तो त्यांना आठवतही होता. पण प्रमुख पाहुणे, म्हणजे नगरसेवक, आले नव्हते आणि त्यांच्यावाचून सत्कार करायचा कसा, हा प्रश्न होता.

सुलक्षणा पहिल्या रांगेत बसून लेकीच्या हाताकडे बघत होती. बाकीची नीला मूर्तीसारखी स्थिर होती. फक्त उजवं मनगट खुर्चीच्या हातावर हळूच वळत होतं, पुन्हा सरळ होत होतं. बॅकहँडची पकड. शेजारच्या म्हाताऱ्याने प्रेमाने तो हात थोपटला आणि तो थांबला.

सुलक्षणा उठून स्टेजच्या पायरीशी गेली. नीला वाकली.

"आई, मला इथे का बसवलंय? मी काय गणपती आहे?"

"हळू बोल."

"विसर्जन कधी आहे तेवढं सांग."

"येतीलच आता. दहा मिनिटं."

"तू मघापासून दहा मिनिटंच सांगतेयस." नीलाने वरच्या खिडकीकडे बघितलं. तिथलं ऊन भिंतीवरून सरकत छताशी पोचलं होतं. "मी बाथरूमला जाऊन येते."

ती उठली, रॅकेट घेऊन. कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते सुलक्षणाच्या, आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

अण्णा माईकवर आले. गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत मंडळाने गावच्या घराघरांत धान्य कसं पोचवलं ते सांगू लागले. खोटं काही नव्हतं त्यात. गिरणी बंद पडल्यावर दत्ताराम आठ महिने घरी होते. भांडुपच्या कारखान्यात त्यांची टाइमकीपरची नोकरी अण्णांनीच शब्द टाकून लावली होती. आज दत्ताराम स्टेजच्या कडेला हातात नारळांची पिशवी घेऊन उभे होते, लग्नात वधूपिता उभा राहतो तसे.

आणि मागून आवाज आला. धप्. जरा वेळाने पुन्हा, धप्. स्टेजमागचा पडदा किंचित हलला.

अण्णा थांबले. "खिळे कोण मारता रे? मंडप उद्या सोडायचो हा."

हॉल हसला. दत्तारामांनी सुलक्षणाकडे बघितलं. ती उठली, आणि बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर पडली.

हॉलच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीपासून भिंतीपर्यंत फरशीचा अरुंद चौक. नीलाने विटेच्या तुकड्याने भिंतीवर आडवी रेघ ओढली होती, नेटच्या उंचीची, आणि त्या रेघेच्या वर बॉल मारत होती. पांढऱ्या बुटांना गटाराचा चिखल लागला होता.

"आत चल."

"नाही."

"नीला, पाहुण्यांची गाडी आली. मी बघितली फाटकाशी."

"मग त्यांचा करा सत्कार."

"अण्णांनी बाबांसाठी काय केलंय माहितेय ना तुला?"

"माहितेय. रोज ऐकते." धप्. "उद्या अण्णा येणारेत माझा बॅकहँड मारायला?"

"असं बोलायचं नाही मोठ्यांबद्दल."

"बरं, नाही बोलत." धप्. "पण येणार पण नाही. मला धरून ने हवं तर."

सुलक्षणाने हात पुढे केलाही. त्याच वेळी बॉल उडाला, नीला वळली, आणि फटका रेघेच्या खाली, अगदी खाली जाऊन आदळला. पुढचाही तसाच. सुलक्षणाला टेनिसमधलं फार कळत नव्हतं. पण चार वर्षं जाळीबाहेर भाजी निवडत, स्वेटर विणत बसून तिने ही मुलगी बघितली होती, तापातली बघावी तशी. काहीतरी बदललं होतं. हात तोच, पाय तेच. मग तिला दिसलं.

"कोपर," ती म्हणाली.

"काय?"

"कोपर वर जातंय तुझं. पूर्वी अंगाशी असायचं. फोटोसाठी उभी करतात तेव्हा धरतेस ना रॅकेट, तसं झालंय."

नीलाने कोपराकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. एकदा हवेतच हात फिरवला. मग बॉल आईपुढे धरला.

आतून टाळ्या ऐकू आल्या. पाहुणे स्टेजवर चढले असावेत. बाहेरच्या कर्ण्यातून अण्णांचं स्वागत सुरू झालं. एवढ्यात ते संपेल आणि नीलाचं नाव येईल. सुलक्षणाने पदर ओढून कमरेला खोचला, चपला टाकीशी काढून ठेवल्या आणि बॉल टाकला.

"आई, वाण देतेस काय? जोरात टाक ना."

तिने जोरात टाकला. तो टाकीवर आपटून परत आला. नीला हसली, कितीतरी दिवसांनी हसली. तिसरा बरोबर पडला, नीलाचं कोपर अंगाशी राहिलं, आणि फटका रेघेच्या हातभर वर लागून सुलक्षणाकडे परत आला. तिने तो दोन्ही हातांनी अडवला. तळवे झणझणले.

"अजून," नीला म्हणाली.

दत्ताराम कोपऱ्यावर येऊन कधी उभे राहिले ते दोघींना कळलं नाही. पिशवी हातातच होती.

"सुलू, अगं नाव पुकारतायत तिचं."

"ऐकलं मी."

"मग?"

"तिला उशीर झालाय. आता मुलुंडला पोचेपर्यंत अंधार पडेल. जेवढा उजेड आहे तेवढा इथेच वापरतोय."

"इथे? गटारापाशी?" त्यांनी आवाज खाली आणला. "सगळा गाव बसलाय आत. मी शब्द दिलाय अण्णांना."

"तुम्ही दिलाय," सुलक्षणा म्हणाली. "तिने नाही."

लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती. या सुरात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. नीलाने रॅकेट छातीशी धरली. कर्ण्यातून पुन्हा नाव आलं, या वेळी 'कुमारी' लावून.

दत्ताराम भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिले. वर लागलेले बॉलचे ठसे, खाली लागलेले ठसे. वरचे जरा नवे होते, ओले.

"मी काय सांगू त्यांना?"

"उद्या मॅच आहे, सांगा."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. जाताना थबकले आणि नीलाला म्हणाले, "बूट पूस गं. घसरशील." मग कोपऱ्याआड गेले.

जरा वेळ कर्ण्यातून नुसती कुजबुज येत होती. अण्णांचा आवाज, दूरचा: "चेडू खंय गेला?" मग माईक शिटी वाजल्यासारखा किंचाळला, कुणीतरी त्याच्यावर फुंकर मारली, आणि एक आवाज आला जो सुलक्षणाने घराबाहेर इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"नमस्कार. मी दत्ताराम. नीलाचा..."

पुढे काहीच नाही. कर्णा नुसता घरघरत राहिला. सुलक्षणाचा हात बॉलसकट हवेत थांबला. तिला इथून तो हॉल दिसत नव्हता, स्टेज दिसत नव्हतं, पहिल्या रांगेतली तिची रिकामी खुर्ची दिसत नव्हती.

"आई, टाक."

तिने टाकला.

तिला आता इथून हलता येणार नव्हतं. तेव्हा तुमच्यापैकी त्या हॉलमध्ये कुणी असाल, अगदी मागच्या बाकड्यावर असाल तरी, कृपा करून उठा, जरा पुढे जा आणि दत्तारामांकडे बघा. माईकपुढे उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ आहे. घशाला कोरड पडली तरी ते आपणहून पाणी मागत नाहीत.