इस्तारी, डी. आर.

रोशनीने आडनाव पुन्हा टाइप केलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली: एकही नोंद सापडली नाही. माहेरचं टाकून झालं, सासरचंही. उद्या पीएच.डी.ची मुलाखत, छापलेला पेपर दाखवला नाही तर अर्ज बाद. पेपर तिने लिहिला होता, गावतलावाच्या पाळीतून पाणी कसं झिरपतं यावर. पण कॉन्फरन्सच्याच आठवड्यात आचल जन्मली आणि तिकडे जाऊन तो तिच्या कॉलेजच्या सरांनी वाचला. पुढे छापला की नाही, हे सांगायला सर आता राहिले नव्हते.

खिडकीतून ग्रंथालयाची पायरी दिसत होती. तिथे तिचे बाबा, इस्तारी, नातीला मांडीवर घेऊन बसले होते. पहाटे तलावात जाळं टाकून तसेच जीपमध्ये चढलेले. लेकीचा कागद भेटेपर्यंत पोर रडू नये, म्हणून दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारायचे, सोडायचे, पुन्हा मारायचे.

ग्रंथपाल संघप्रिया मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही माणूस शोधून राह्यल्या. कॉन्फरन्स शोधा. तिचं नाव टाका, वर्ष टाका. आधी खंड भेटते, मग त्याच्या पोटात पेपर."

खंड उघडला. धरणं, पूल, कालवे मागे सरकत गेले, आणि एकदम तिचेच शब्द समोर आले. तिची पाळ, तिने काढलेली आकृती. लेखकाच्या जागी मात्र छापलं होतं: इस्तारी, डी. आर.

ती बघतच राहिली. शाळेपासून गुणपत्रिकेवर असायचं तसंच तिने कॉन्फरन्सच्या अर्जावर लिहिलं होतं. आधी माहेरचं आडनाव दुमाने, मग रोशनी, शेवटी बापाचं नाव. तिकडच्यांनी शेवटचं तेच आडनाव धरलं.

मॅडम हसल्या. आपल्याकडच्या कितीतरी पोरी अशाच हरवतात, म्हणाल्या. बापाच्या नावाखाली शोधलं की सापडतात. मुलाखतीसाठी पेपराच्या पहिल्या पानाच्या प्रतीवर, तो तिचाच असल्याचा ग्रंथालयाचा दाखला चालेल, तो त्या आत्ताच देणार होत्या.

"आणि नाव दुरुस्त करा म्हणून त्यांना मेल टाकू?"

रोशनीची बोटं कीबोर्डवर गेली, तशीच मांडीवर परत आली.

"दाखला द्या, मॅडम. मेलचं राहू द्या."

ती बाहेर आली तेव्हा हातातला कागद अजून कोमट होता.

"भेटला का वं तुहा कागद?"

तिने आचलला कडेवर घेतलं आणि लेखकाच्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं.

"हे काय लिवलं?"

"लिवणाऱ्याचं नाव."

"तुहं?"

"इस्तारी," ती म्हणाली.

बाबांनी दुपट्ट्याला हात पुसले, मग कागद घेतला.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी तो कोणाच्या हाती दिला नाही. गावचे देवरावभाऊ समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, काय हाय इस्तारी, सातबारा?

"नाई गा," बाबा म्हणाले. "आपल्या तलावाचं हाय. आमी लिवलं."