माझ्या ठिपक्यांवर चाललेला खटला

“अगं बाई, याच्यात मुंगीचे पायसुद्धा दिसतात!”

मला खोक्यातून काढलं, तेव्हा ताई असं म्हणाली होती. तिचे ते शब्द अजून माझ्या काचेत आहेत.

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना पडदा आहे. एका छोट्या छापखान्यात माझं आयुष्य गेलं. मालकाला सगळे दादा म्हणत आणि त्याच्या धाकट्या बहिणीला ताई. दादा पावतीपुस्तकं छापायचा, ताई साप्ताहिकासाठी व्यंगचित्रं काढायची. ठिपक्याला ठिपका सांधावा, चित्राचा संसार मांडावा, एवढंच माझं काम. ताई रोज सकाळी पदराने माझं तोंड पुसायची.

पुढे बारीक ठिपक्यांचे नवे पडदे आले. ताई म्हणे, याच्यावर रेषा दातेरी दिसतात, नवा घेऊ. दादा म्हणे, लोक चित्र बघतात, ठिपके मोजत नाहीत. भावाबहिणीचं हे भांडण जेवणाचा डबा उघडेपर्यंत चाले, आणि मी घरातल्या म्हाताऱ्यासारखा मधे बसून माझीच उणीदुणी ऐके.

मग ताईने ते चित्र काढलं. देव अनवाणी पायांनी आपल्याच देवळाच्या दारात उभा आहे. गादीवर रेललेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला लठ्ठ कारभारी त्याला विचारतोय, “आत कुणी ओळखीचं आहे का?”

लोक पोट धरून हसले. देवळाचा कारभारी मात्र तक्रार घेऊन पोलिसांत गेला. गादीवरचा लठ्ठ माणूस म्हणजे आमचा देव, त्याची विटंबना झाली, असं त्याने लिहून दिलं. देवनिंदेचा कायदा तयारच होता. ताईला घरातून उचललं. पुरावा म्हणून शिपायांनी मलाही उचललं. चित्र संगणकाच्या ज्या डब्यात साठवलं होतं, तो टेबलाखाली तसाच राहिला. गोणपाटात बांधला गेलो मी! माझ्या पोटात काय असतं हो? आरशाला कधी कुणी बेड्या घातल्यात?

कोठारात उंदरांनी माझं गोणपाट कुरतडलं, त्याचा मला राग नाही. त्यांना भूक होती. राग याचा आहे, की ताई गजांआड वाळत होती आणि बाहेर शहाणी माणसं माझे ठिपके मोजत होती. तिचा वकील म्हणे, पडदा जुना, चित्र धूसर, किल्ल्या दिसत नाहीत, म्हणून गैरसमज झाला. सरकारी वकील म्हणे, ठिपके भरपूर आहेत, अपमान स्वच्छ दिसतो. न्यायालयात दादाने डबा आणून मला जोडला. शेजारी नवा चकचकीत पडदा मांडला. मग सगळे डोळे बारीक करून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघू लागले. हसवलं म्हणून माणसाला कोंडावं का, हे मात्र कुणी विचारेना.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, त्यांना जपा. पण त्याआधी चित्र काढणारा हात जपा. पडदा काय, दुकानात दुसरा मिळतो.

दादा ताईला हळूच विनवत होता, धूसर आहे म्हण आणि घरी चल. तिने मान हलवली. अंगाने ती अर्धी झाली होती, पण आवाज तोच होता, मुंगीचे पाय बघणारा. चित्र अगदी स्पष्ट आहे, असं तिने न्यायाधीशांना सांगितलं. मग ती कारभाऱ्याकडे वळली.

“काका, गादीवर देव बसलाय ना? मग जोडा त्याला हात.”

कारभारी माझ्यासमोर आला. वाटेतला शेंदरी दगड दिसला तरी थांबून हात जोडणारा माणूस तो. त्याने हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि तिथेच अडले. कमरेचा जुडगा खुळखुळला.

“हा देव नाही,” तो खाली बघत म्हणाला. “हा मी आहे. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी. मोबाइलवर, नखाएवढ्या चित्रात.”