‘सेट’वरची हरकत

बाईंना गर्व होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. ज्यानं आयुष्यात एक तरी काम नीट केलंय त्यानं उगाच मान खाली घालून का फिरावं, असं त्यांचं सरळ मत. त्यांचं काम म्हणजे इंग्रजी-मराठी कोश, आणि त्या कोशातही एकच शब्द: सेट. चार स्तंभ भरून नोंद आणि खाली त्यांचं नाव. मोठ्या नोंदीखाली ती करणाऱ्याचं नाव छापायचं, ही त्या कोशाची रीतच होती. घरात पाहुणा टेकला न टेकला की काही ना काही निमित्तानं कोश कपाटातून खाली यायचा. पान शोधावं लागायचं नाही. इतक्या वेळा उघडून तो आपसूकच तिथं उघडायला शिकला होता.

आता म्हणाल, एवढं काय आहे त्या शब्दात? इंग्रजीत तीन अक्षरं, मराठीत दोन. पण पोट बघा त्याचं! सूर्य मावळला तरी हाच शब्द आणि मोडलेलं हाड बसवलं तरी हाच. गजर लावा, पानं वाढायला टेबल मांडा, छापखान्यात खिळे जुळवा, सगळीकडे हा हजर. कोशात इतर शब्द पाहुण्यासारखे येऊन जातात, हा मात्र जावयासारखा ठाण मांडून बसतो. बाईंच्या आधी दोघांनी तो हातात घेतला होता. एकानं बदली मागितली, दुसऱ्यानं सरळ नोकरीच सोडली. मग तो शब्द तेव्हा तरुण असलेल्या बाईंच्या गळ्यात पडला, आणि त्या त्याच्या मागे हात धुऊन लागल्या.

त्यांचा एक नियम होता. अर्थ पुस्तकात दिसला म्हणून घ्यायचा नाही. जिवंत माणसाच्या तोंडून तो कानावर पडला पाहिजे. त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते ऐकलंत तर हसाल. केस सेट करणं म्हणजे नेमकं काय, हे ऐकायला त्या पार्लरमध्ये जाऊन बसल्या आणि कोशाच्या खोलीत असं डोकं घेऊन परतल्या की शिपायानं त्यांना ओळखलं नाही. नाटकाच्या तालमीला जाऊन सेट ठोकणाऱ्या सुतारांच्या चहात वाटेकरी झाल्या. एकदा एका बांधकामावरून जाताना चप्पल ओल्या सिमेंटमध्ये रुतली. गवंडी ओरडला, “बाई, पाय काढा, अजून सेट व्हायचंय!” दुसरी कुणी असती तर त्याच्याशी भांडली असती. बाईंनी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि एका चपलेवर आनंदानं घरी आल्या.

पण या सगळ्या अर्थांचा मुकुटमणी म्हणजे त्यांचं एक वाक्य. नोंदीच्या शेवटी शब्दाची व्युत्पत्ती द्यावी लागते, तिथं त्यांनी लिहिलं होतं: ‘मूळ अर्थ बसवणे, मांडणे, आणि जे एकत्र मांडून ठेवले, तोही सेट.’ झालं! कपांचा सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला संच, हाड बसवणं, सिमेंट धरणं, सगळी भावंडं एका आईच्या पदराखाली आली. शिक्षक वर्गात ते वाक्य सांगायचे. बाईंना कुणी विचारलं की तुम्ही आयुष्यात काय केलंत, तर त्या हेच वाक्य म्हणून दाखवायच्या, आणि का म्हणू नये?

बाई निवृत्त झाल्या. पुढं कोशाची नवी आवृत्ती निघायची ठरली, आणि तोवर त्यांची सून त्याच खोलीत कामाला लागली होती. वशिला म्हणाल तर नाही. बाई मुलाखतीच्या दिवशी मुद्दाम गावाला गेल्या होत्या. प्रमुख संपादकांना सगळे ‘दोन चष्मे’ म्हणत, कारण एक त्यांच्या नाकावर असायचा आणि दुसरा कपाळावर. त्यांनी सेट हा शब्द सुनेला दिला. बाईंनी शेजारपाजारी सांगून टाकलं की शब्द घरातच राहिला.

सुरुवातीचे दिवस मोठे मजेचे गेले. जेवताना सून नवा अर्थ काढायची. शेजारणीचा मुलगा नोकरीला लागला तर ती म्हणाली, सेट झाला; हा अर्थ तुमच्या नोंदीत नाही, आई. बाई म्हणायच्या, आमच्या काळी मुलं मार्गाला लागायची, सेट नाही व्हायची, पण घे, लोक म्हणतात ना, मग घे. वाद रंगायचा, भाजी गार व्हायची. बाईंचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. शब्दांशी त्याचं देणंघेणं नव्हतं. बाकीच्या घरांत सासवा-सुना भाजीच्या मिठावरून भांडतात, आमच्याकडे कशावरून भांडतील याचा नेम नाही, असं तो कौतुकानंच सांगायचा.

आणि एक दिवस सून गप्प झाली. म्हणजे बोलायची सगळं, पण त्या शब्दाचं नाव काढेना. बाईंनी विचारलं तर म्हणाली, होत आलंय, फारसं काही बदललं नाही. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी खोटं बोलायला शिकलेली नव्हती. नजर ताटात होती. पुढं दोन-तीनदा तेच झालं, तशी बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात नवराबायकोचं बोलणं चाललं होतं. बाई पाणी प्यायला उठल्या आणि दाराशीच थबकल्या. सून सांगत होती की आईंची व्युत्पत्ती चुकली आहे. बसवणं हा सेट वेगळा आणि समूह हा सेट वेगळा. दोन निरनिराळे शब्द दोन वाटांनी आले आणि त्यांचं रूप एक झालं. नवरा म्हणाला, मग लिही की तसं. तर सून म्हणाली, लिहिलं तर आईंना बोलवून तोंडावर वाचावं लागेल. कोशाच्या खोलीचा नियम आहे तसा. आणि खाली छापतात, मूळ नोंद अमक्याची, दुरुस्ती तमक्याची. कायमचं. मग ती म्हणाली,

“मला नाही जमायचं ते. आईंच्या आयुष्याचं वाक्य आहे. राहू दे जुनंच, खाली माझंही नाव पडेल, संपलं.”

बाई पाणी न पिताच माघारी फिरल्या. आधी राग आला तो सुनेचा. काल आलेली पोर, आणि माझ्यावर दया करते? मी काय दयेचं गिऱ्हाईक आहे? मग म्हणाल्या, चुकली असेल तीच.

दुसऱ्या दिवशी, जुन्या लोकांना भेटायचं निमित्त सांगून, त्या कोशाच्या खोलीत गेल्या. त्यांच्या काळी तिथं एकच जाडा इंग्रजी कोश होता आणि त्यातही पानं गळलेली. आता भिंतभर खंड होते. सून छापखान्यात गेली होती. बाईंनी खंड ओढला, चष्मा पुसला आणि वाचायला बसल्या. एकात वाचलं, विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यात वाचलं, तिसऱ्यातही तेच. बसवणं हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. आणि समूह तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ कुणाच्या तरी मागून जाणं, मग मागून जाणारी माणसं, त्यांचा पंथ, त्यांचं टोळकं. मांडण्याशी सुरुवातीला त्याचा काडीचा संबंध नव्हता.

बाईंचे कान तापले. एकेका अर्थासाठी सिमेंटमध्ये पाय घालणारी ही बाई, आणि व्युत्पत्ती कुणाला विचारली होती? कुणालाच नाही. मनात आली, गोड वाटली, लिहून टाकली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनीच त्याची सालटी काढली असती.

मग त्यांनी खंड मिटला. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? सुनेनं स्वतःच्या मनानं झाकलंय, आपण कुठं सांगितलं होतं? वाक्य राहील, नाव राहील, चार शिक्षक वर्गात म्हणत राहतील. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं! हा विचार त्यांना इतका पटला की त्यांनी खंड जागेवर ठेवला आणि घरची वाट धरली.

रस्ता ओलांडताना मात्र पाय अडखळला. नव्या आवृत्तीत खाली नाव सुनेचंही पडणार. आपली चूक नकळत झाली, तिची चूक जाणून होणार. उद्या कुणी चौकस माणूस ते पान काढेल आणि म्हणेल, एवढे खंड समोर असताना या बाईला साधं बघता आलं नाही? आणि ती बिचारी तोंड उघडणार नाही. आपलं नाव चकचकीत राहावं म्हणून पोरीच्या नावाला डाग! बाईंना स्वतःचीच अशी चीड आली की मागून हॉर्न वाजला तेव्हा त्या गाडीवाल्यालाही दोन शब्द ऐकवून मोकळ्या झाल्या.

घरी त्या काही बोलल्या नाहीत. घरी बोललं तर सून रडेल, पाया पडेल आणि शेवटी आपलंच खरं करेल, हे त्यांना ठाऊक होतं.

वाचनाचा दिवस आला. नोंदीत बदल असो वा नसो, नवी आवृत्ती छापण्याआधी मोठ्या नोंदी सगळ्यांपुढं वाचायच्या, ही पद्धत. बाई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या. सून उभी राहून वाचू लागली, आणि काय वाचत होती! नवे अर्थ नेमके टिपलेले, वाक्यं लोकांच्या तोंडची. बाजूचा जुना सहकारी बाईंच्या कानात पुटपुटला की तुमच्यापेक्षा सरस आहे हो. बाई म्हणाल्या, माहीत आहे.

शेवटी व्युत्पत्ती आली. सुनेचा आवाज खाली गेला. तिनं ते जुनं वाक्य जसंच्या तसं भराभर वाचलं आणि कागद मिटला. दोन चष्म्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाची काही हरकत?

“माझी आहे,” बाई म्हणाल्या. “व्युत्पत्ती साफ चुकली आहे.”

लोकांना वाटलं म्हातारी थट्टा करते. दोन चष्म्यांनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला आणि नम्रपणे सांगितलं की बाई, ही व्युत्पत्ती आपलीच आहे.

“म्हणूनच मी हरकत घेतेय. मी ती कुठंही तपासली नव्हती. मला आवडली म्हणून लिहिली.” मग त्या सुनेकडे वळल्या. “तुला काय सापडलंय ते सांग यांना.”

सुनेचा चेहरा पांढरा पडला. ती हळूच म्हणाली, “आई, राहू दे ना.”

“घरी आई. इथं बाई म्हण, आणि बोल.”

सून बोलू लागली. आधी चाचरत, जमिनीकडे बघत. दोन शब्द, दोन वाटा, एक बसवण्याची, एक मागून जाण्याची. बाईंनी मध्येच अडवलं. नाटक म्हणून नाही, खरोखरचा प्रश्न होता त्यांचा, आणि गेले काही दिवस त्यांना तो छळत होता. दोन्ही इतके वेगळे, तर मग कपांचा सेट ऐकल्यावर मांडणीच का डोळ्यापुढं येते? त्यावर पोरीनं मान वर केली. ती म्हणाली, कारण एकदा रूप सारखं झाल्यावर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळत गेले. समूहाच्या सेटला पुढं मांडण्याच्या सेटचा रंग चढला. बाईंना जे वाटलं ते खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही पिढ्यान्पिढ्या वाटत आलं आहे. म्हणून जुनं वाक्य काढून न टाकता ते दुसऱ्या जागी ठेवावं लागेल. मूळ म्हणून नव्हे, तर लोकांनी जोडलेलं नातं म्हणून.

बाईंनी आणखी दोन अवघड प्रश्न टाकले, अगदी निर्दयपणे. सुनेनं दोन्ही परतवले, दुसरा तर हसत. बाईंचा ऊर भरून आला. हे उत्तर आपल्याला त्या काळी कुणी दिलं असतं तर आपण त्याचे पाय धरले असते, असं त्यांना वाटलं, आणि त्या खाली बसल्या.

“हरकत मागे,” त्या म्हणाल्या. “हे बरोबर आहे.”

दोन चष्म्यांचा जीव भांड्यात पडला. आता नावाचा प्रश्न उरला. सून घाईनं म्हणाली की दुरुस्तीचा उल्लेख नको, नुसती मूळ नोंदकर्त्यांची सही असू दे. बाई ताडकन उठल्या. नियम तो नियम, त्या म्हणाल्या. आणि दोन चष्म्यांना त्यांनी स्वतःच मजकूर सांगितला:

“लिहून घ्या. मूळ व्युत्पत्ती चुकली होती, ती मूळ नोंद करणारीच्या सुनेनं दुरुस्त केली.”

दोन चष्मे लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, बाई, कोशात नाती छापत नाहीत हो, फक्त नावं.

“बरं, मग नाव छापा,” बाई म्हणाल्या. “नातं मी सांगत फिरते.”