बाहीची घडी

माझे बाबा सिनेमात होते असं सांगितलं की लोक विचारतात, कोण? मग मी म्हणते, राजेंबरोबर असायचे ते. राजे सगळ्यांना लगेच आठवतात. लोक उठून त्यांच्या चालीची नक्कल करून दाखवतात आणि बाबा तेवढ्यात राहून जातात. धंद्यात त्या जोडीला राजे आणि टेकू म्हणत. राजेंनी विनोद करायचा आणि टेकूने तो खाली पडू द्यायचा नाही. टेकू म्हणजे माझे बाबा.

राजे जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आहेत. कमी ऐकू येतं, जेवणाला नावं ठेवतात, पण डोकं शाबूत आहे. त्यांचा शिंप्याच्या दुकानाचा सिनेमा साफसूफ करून पुन्हा दाखवायचं ठरलं, तेव्हा सिनेमाच्या कंपनीने त्यांना काम बघायला बोलावलं. न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे घरातली सगळी ने-आण माझ्याच गळ्यात पडते.

संकलक माझ्या मुलाच्या वयाचा होता, बोलायला गोड. त्याने बाबांना खुर्ची दिली, उशी दिली आणि शिंप्याच्या दुकानातला प्रसंग लावला.

राजे नवा कोट घालून आरशासमोर ऐटीत वळतात. बाबा दुकानातले नोकर. ते राजेंच्या खांद्यावर लोंबणारा एक दोरा ओढतात आणि अख्खी बाही हातात येते. राजेंना पत्ताच नाही. ते एका बाहीने रुबाबात बाहेर पडतात. आणि लगेच मागून बाबांचं वाक्य, "साहेब, दुसरी उद्या काढून देतो."

"मधलं कुठे गेलं?" मी विचारलं.

"मधलं काय, ताई?"

"बाहीची घडी."

मध्ये बाबा ती बाही टेबलावर पसरतात, तळहाताने सुरकुती काढतात, घडी घालतात, कागदात बांधतात आणि दोरा दाताने तोडतात. सगळ्या सिनेमात त्यांचा पूर्ण चेहरा दिसतो तो इथेच. एरवी त्यांची पाठ, नाहीतर राजेंच्या खांद्यामागून डोकावणारा एक कान.

"ते काढलंय," तो म्हणाला. "अशा मोकळ्या जागा जागोजाग होत्या. तिथे काही घडत नाही हो. फोनवर बघणारे पुढे सरकवतात."

माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. त्या खोलीत नव्हता, म्हणून मी हात खुर्चीवर घट्ट दाबून ठेवले.

बाबा मात्र मान डोलवत होते. "पोरगा बरोबर बोलतोय. ती हशाची जागा. आम्ही आधी लोकांना सिनेमा दाखवायचो, हशा कुठवर टिकतो ते बघायचो आणि तेवढी जागा सोडायचो. नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. पडदा ओस दिसू नये म्हणून मी काहीतरी करत राहायचो. आता हशाच नाही, तर जागा कशाला?"

"हशा नाही कसा? भरल्या थिएटरात लावून बघा," मी संकलकाला म्हटलं.

"ताई, आता कोण हसणार यावर?"

"बघू या ना. जुनी प्रत लावा. त्या जागेवर लोक हसले तर घडी राहील. नाही हसले तर खुशाल कापा, मी अवाक्षर काढणार नाही."

तो म्हणाला, "पण माणसं मी बोलावणार. तुमचं गणगोत नको."

"चालेल."

गाडीत बाबा माझ्यावर घसरले. "कशाला नसती पैज लावलीस? नाही हसले तर माझ्यादेखत नाही हसणार ते."

"मग घरी थांबा."

"थांबतोय कसला," ते म्हणाले.

संकलकाने शेजारच्या कारखान्यातली माणसं बोलावली, तीही दिवसभराची पाळी संपवून आलेली. एकेकाचा चेहरा असा, की आज कुणी बोललात तर याद राखा. बाबांना आणि मला त्याने शेवटच्या रांगेत बसवलं आणि स्वतः आमच्या पुढे बसला.

सुरुवातीला राजे पायऱ्यांवर घसरले. पुढे कुणीतरी खोकलं. राजेंनी चुकीच्या बाईला नमस्कार केला, तेव्हा कोपऱ्यात एक बाई खुदकन हसली आणि गप्प झाली. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता. मला भीती वाटत होती आणि मी ती लपवत नव्हते. आपण आपल्या हाताने बाबांना कापायची परवानगी देऊन बसलोय, एवढंच डोक्यात होतं.

शिंप्याचं दुकान आलं. राजे वळले. बाबांनी दोरा बघितला, मग राजेंकडे बघितलं, मग पुन्हा दोरा. तेव्हाच ती मघाची बाई हसायला लागली, बाही अजून जागेवर असताना. बाही हातात आली आणि राजे मान ताठ करून निघाले, तसा सगळा हॉल उसळला. एक दांडगा माणूस पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून हसत होता. त्याचा शेजारी त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

पडद्यावर बाबा शांतपणे सुरकुती काढत होते. त्यांनी घडी घातली, कागदात बांधली. दोरा दाताने तोडला तेव्हा हशा नुकताच ओसरत होता. "साहेब, दुसरी उद्या काढून देतो." अक्षर न् अक्षर ऐकू गेलं आणि हॉल पुन्हा उसळला.

दिवे लागले तेव्हा संकलक डोळे पुसत मागे वळला. "जिंकलात, ताई. एकही जागा कापणार नाही."

"बाबांचं काम बघितलंत ना, घडी घालतानाचं?"

तो ओशाळला. "खरं सांगू? हसण्याच्या नादात बघायचंच राहिलं."

मी दाराकडे जाणाऱ्या दोघाचौघांना अडवलं. बाही उसवली तिचं पुढे काय झालं, विचारलं. कुणालाही सांगता येईना. दांडगा माणूस तर म्हणाला, "पुढे? पुढे ते वाक्य आलं ना." बाबा माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांना कुणी ओळखलं नाही.

मला रडू आलं. एवढं भांडून जागा मिळवली आणि तिथे कुणी बघितलंच नाही. मी तसं बाबांना सांगितलंही, त्यांच्या चांगल्या कानात, मोठ्याने.

बाबा खूश होते. इतकं खूश मी त्यांना वाढदिवसालाही बघितलं नव्हतं. "अगं, मला बघायला लागले असते तर हशा मोडला असता. कुणी बघितलं नाही म्हणजे काम चोख झालं." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू हसलीस ना?"

"नाही. मी तुम्हालाच बघत होते."

त्यांनी काठी घेतली, माझा दंड धरला आणि दाराकडे वळले.

"म्हणजे एका माणसापुरतं फसलं," बाबा म्हणाले. "चालायचंच."