सतरा नंबरचं खालचं बक्कल

त्या दुपारी नावाड्याने पाण्यात हात घातला, माझे खांद्याचे पट्टे धरले आणि सगळा जोर लावून वर ओढलं. मी वर आलो. एकटाच आलो. जिच्या अंगावर मी होतो, ती बाई आत नव्हती. उलटलेल्या रबरी होडीला धरून तिचा नवरा तरंगत होता. त्याने मला रिकामं पाहिलं आणि त्याला कळलं. ती दिवस मावळायच्या आत खालच्या वळणावर सापडली. तिला पाचवा महिना होता.

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. माझा नंबर सतरा. रंग नारिंगी होता, आता विटला आहे. एका मोठ्या कारखान्यात दहा बायकांनी मला शिवलं. पोटात फोम भरला, खांद्याला शिट्टी बांधली, पुढे तीन बक्कलं लावली. मग मी नदीवर आलो.

तिथे आमची मालकीण म्हणजे जॅकेटवाली मावशी. कागदोपत्री मालक दुसराच होता, पण आम्ही मावशीचे. प्रवाशांना जॅकेट चढवायचं काम तिचं. बक्कल लावलं की पट्ट्याखाली ती आपली दोन बोटं घालून बघायची. बोटं सहज गेली तर पट्टा सैल. मग ती असा हिसका द्यायची की भलेभले कळवळायचे.

"मावशी, जीव घेता का?" कोणी म्हणायचं.

"जीव नदी घेते बाबा. मी फक्त आवळते," मावशी म्हणायची.

मी एका शिक्षकाला वाचवलं, नव्या नवरीला वाचवलं, दोनदा एकाच जाड्या व्यापाऱ्याला वाचवलं. शिक्षकाने तर सगळ्यांसमोर माझा मुका घेतला. कामं संपली की मावशी आम्हाला सावलीत वाळवायची. माझी शिवण उसवली तेव्हा तिने घरच्या जाड दोऱ्याने टाके घातले. तो दोरा निळा आहे, अजून दिसतो.

मग ती दोघं आली. बाळ झाल्यावर दोन वर्षं कुठे जाता येणार नाही, म्हणून त्याआधी एक सहल करायची, असं त्यांचं ठरलं होतं. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं, "फिरायला गेलं तर चालेल ना?" त्या म्हणाल्या होत्या, "अवश्य जा. बसून राहू नका." कुठे जाणार, कशात बसणार, हे हिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. हे सगळं ती मावशीला नाही, नंतर काठाकडे जाताना नवऱ्याला सांगत होती. मी तिच्या अंगावर होतो म्हणून ऐकलं.

मावशीने तिचा सैल सदरा पाहिला आणि तिचा हात थांबला.

"पोरी, दिवस गेलेत का तुला? असतील तर बसू नकोस हो."

"छे हो मावशी! जेवण जास्त झालंय," ती हसून म्हणाली. नवराही हसला. होडीत बसण्याआधी भरायच्या कागदावर तोच प्रश्न छापलेला होता. त्यापुढे त्याने 'नाही' लिहिलं आणि सही केली.

मावशीने तिन्ही बक्कलं लावली. दोन बोटं घालून पाहिली. पट्टा बरोबर होता.

काठावर गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, खालचं फार आवळतंय. बाळाला दाबतंय की काय कोण जाणे."

त्याने मागे वळून पाहिलं. मावशी दुसऱ्याला जॅकेट चढवत होती. त्याने हात घातला आणि माझं खालचं बक्कल उघडलं.

"आता बरं वाटतंय?"

"हो. तुम्ही म्हणजे ना, मावशीपेक्षा बरे," ती म्हणाली.

मित्रांनो, ते तिचं मी ऐकलेलं शेवटचं नीट वाक्य. पुढे खडक आला, होडी उलटली आणि मी तिच्या डोक्यावरून निसटलो.

चौकशी झाली. साहेबांनी मला टेबलावर पसरलं. वरची दोन बक्कलं लावलेली, खालचं उघडं. त्यांनी निळे टाकेही बोटाने उचलून पाहिले. मावशीचा निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. तिचं काम गेलं. माझं काम संपलं म्हणून नावाड्याने मला तिच्या नवऱ्याच्या घरी आणून दिलं.

"आधी मावशी म्हणायची, माझी बोटं खोटं बोलत नाहीत," नावाडी त्याला म्हणाला. "आता म्हणते, काय सांगावं, त्या दिवशी विसरलेही असेन. स्वतःच्याच बोटांकडे बघत बसते हो ती."

त्याने नावाड्याला पाणी दिलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या बाईमुळे माझी लेक गेली." त्याने नावाड्याचा रिकामा पेला उचलून ठेवला.

बाळासाठी रंगवायला घेतलेल्या खोलीत मी खिळ्यावर आहे. एक भिंत रंगलेली, तीन तशाच. रोज सकाळी तो येतो, मला खुर्चीच्या पाठीवर चढवतो. वरचं बक्कल लावतो. मधलं लावतो. खालचं तसंच सोडतो. मग तो मला परत खिळ्यावर टांगतो. कधी कधी मला वाटतं, माझ्यात अजून कोणीतरी आहे आणि तिला आवळतंय.

मित्रांनो, तुमची आई, ताई किंवा काकू पोटुशी असेल आणि सहलीला निघाली असेल, तर डॉक्टरांना सगळं सांगायला सांगा. नुसतं 'फिरायला' म्हणू नका. होडी आहे की घोडा, किती आदळेल, पडलं तर काय, हे विचारा. कोणी काळजीने विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. आणि पट्टा पोटाला आवळत असेल तर तो सैल करू नका, होडीतून उतरा. नदी पुढच्या वर्षीही तिथेच असते.

एकदा तो मला पिशवीत घालून मावशीच्या गावच्या गाडीपर्यंत गेला होता. तो चढलाच नाही. गाडी सुटली, आम्ही घरी आलो. मावशीने माझं खालचं बक्कल लावलं होतं, हे त्याने अजून तिला सांगितलेलं नाही.